टॅलीला बिल पाठवताना : एक्सएमएल संदेश बांधायचा कसा आणि वाचायचा कसा

ग्राहकाच्या नावात एक ‘&’ आला आणि महिनाअखेरीची बिलं टॅलीत जायची थांबली, ही तक्रार बिलिंग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कुणालाही नवी नाही. ‘पाटील & सन्स’ हे दुकान बहुतेक प्रत्येक गावात असतंच. बिल सॉफ्टवेअरमध्ये नीट निघतं, छापलंही जातं, फक्त टॅलीत चढत नाही. मग कुणीतरी फोनवर सल्ला देतं, “ते चिन्ह काढा आणि ‘अँड’ लिहा.” तेवढ्यापुरतं काम भागतं. पुढच्या महिन्यात ‘शहा & कंपनी’ येते आणि फोन पुन्हा वाजतो.

खोट नावात नसते, संदेश तयार करणाऱ्या कोडमध्ये असते. एक्सएमएल दिसायला मजकूर असला तरी तो मजकूर म्हणून जोडत जायचा नसतो. आधी घटकांची रचना उभी करायची, घटकाच्या पोटात घटक, आणि तिचा मजकूर, खरं तर बाइट्स, अगदी शेवटी करायचे, तेही आपल्या हाताने नव्हे तर लायब्ररीकडून. उलट दिशेनेही तसंच. आलेलं उत्तर अक्षरं शोधत वाचायचं नाही, पार्सरला देऊन घटकाच्या नावाने वाचायचं. एवढं एक पथ्य पाळलं तर पुढे सांगितलेल्या निम्म्या अडचणी वाट्याला येणारच नाहीत.

जेसनच्या जमान्यात एक्सएमएलचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. पण टॅलीशी बोलणारी बहुतेक जुनी जोडकामं एक्सएमएलवरच चालतात. यूपीआयमध्ये बँका आणि एनपीसीआय यांच्यात जाणारे संदेश एक्सएमएलचे आहेत, आधार पडताळणीचे संदेशही एक्सएमएलचे. रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस यंत्रणा २०१३ पासून आयएसओ २००२२ या प्रमाणावर चालते, तेही एक्सएमएलच. म्हणजे नवं काही लिहिताना तुम्ही एक्सएमएल निवडणार नाही हे मान्य, पण समोरच्याने निवडलेलं असेल तर पळवाट नाही. इथे मी टॅलीचंच उदाहरण धरून चालतो, कारण ते कुणालाही आपल्या मशिनवर करून पाहता येतं. टॅलीला सेटिंगमधून सर्व्हर म्हणून चालू केलं की तो सहसा ९००० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत बसतो. त्या पत्त्यावर एचटीटीपी पोस्टने एक्सएमएल पाठवायचं आणि उत्तरात एक्सएमएल घ्यायचं, इतका साधा मामला.

एका नावाच्या दोन ओळी

खालचे तुकडे कुठल्या एका भाषेतले नाहीत, कल्पना यावी म्हणून देवनागरीत लिहिले आहेत. चुकीची रीत अशी :

मजकूर = "<लेजरनेम>" + नाव + "</लेजरनेम>"

आणि बरोबर रीत अशी :

घटक = उपघटक(नोंद, "लेजरनेम")
घटक.मजकूर = नाव

पायथनमध्ये एलिमेंटट्री किंवा एलएक्सएमएल, डॉटनेटमध्ये एक्सएमएलरायटर किंवा एक्सएलिमेंट, जावामध्ये डॉम किंवा स्टॅक्स, पीएचपीमध्ये डॉमडॉक्युमेंट. नाव कुठलंही घ्या, काम हेच. पहिल्या रीतीत ‘पाटील & सन्स’ जसंच्या तसं संदेशात जातं. एक्सएमएलमध्ये ‘&’ दिसला की पार्सरला वाटतं, आता कुठल्यातरी एंटिटीचं नाव येणार आणि शेवटी अर्धविराम येणार. इथे पुढे रिकामी जागा येते. नियम असा आहे की पार्सरने तिथेच थांबायचं, अंदाजाने पुढे जायचं नाही. एचटीएमएलचा ब्राउझर सांभाळून घेतो, एक्सएमएलचा पार्सर घेत नाही. म्हणून तीनशे बिलांच्या एका संदेशात एकाच नावात हे चिन्ह असलं तरी तीनशेच्या तीनशे बिलं परत येतात.

दुसऱ्या रीतीत लायब्ररी ‘&’ च्या जागी ‘&amp;’ लिहिते, ‘<’ च्या जागी ‘&lt;’ लिहिते आणि समोरच्या टोकाला नाव पुन्हा जसंच्या तसं उभं राहतं. यात अर्धवट सुधारणा करणारे दुसऱ्या खड्ड्यात पडतात. जुन्या कोडमध्ये हाताने बदल करणारी ओळ तशीच राहते आणि वर लायब्ररीही आपलं काम करते. मग संदेशात ‘&amp;amp;’ जातं आणि समोरच्याला ‘पाटील &amp; सन्स’ नावाचा ग्राहक दिसतो. तसं खातं नसतं, म्हणून व्हाउचर अडतं. खातं नसल्यास आपोआप उघडणारा कोड कुणी लिहिला असेल तर त्याहून वाईट, एकाच दुकानाची दोन खाती तयार होतात आणि ते वर्षअखेरीला सीएच्या लक्षात येतं. लायब्ररी आणली की बदलाच्या जुन्या ओळी शोधून काढून टाका.

नाव सीडेटाच्या कंसात गुंडाळणं हाही एक लोकप्रिय तोडगा आहे. मला तो आवडत नाही. जोडाजोडीची सवय त्याने तशीच राहते, आणि मजकुरात ‘]]>’ आलं की तोही मोडतो.

एक्सेलमधून आलेल्या याद्यांमध्ये आणखी एक भूत असतं, न दिसणारी नियंत्रण अक्षरं. एक्सएमएल १.० मध्ये रिकाम्या जागेच्या खालच्या क्रमांकांपैकी फक्त तीन चालतात : टॅब आणि ओळ संपल्याची दोन चिन्हं. बाकीची कुठल्याही रूपात चालत नाहीत, ‘&#11;’ असं लिहूनसुद्धा नाही. इथे लायब्ररींचे स्वभाव वेगळे आहेत. एलएक्सएमएल अशा मजकुराला जागेवरच नकार देतं, डॉटनेटचा एक्सएमएलरायटरही अपवाद फेकतो. पायथनचं मूळ एलिमेंटट्री मात्र मुकाट्याने लिहून देतं आणि तक्रार समोरून येते. म्हणून बाहेरून आलेला मजकूर डेटाबेसमध्ये घेतानाच ही अक्षरं गाळून टाकलेली बरी.

गंमत म्हणजे टॅलीतून बाहेर पडणाऱ्या एक्सएमएलमध्येही हे सापडतं. ‘प्रायमरी’, ‘नॉट ॲप्लिकेबल’ अशा अंगभूत किमतींच्या आधी ‘&#4;’ लिहिलेलं असतं. टॅलीला त्याचा अर्थ कळतो, पण नियमाने चालणारा पार्सर ते पाहताच थांबतो. अशा वेळी पार्सरकडे देण्याआधी मजकुरातून नेमका तेवढाच तुकडा काढून टाकावा लागतो. एक्सएमएलवर रेग्युलर एक्स्प्रेशन चालवायला मी परवानगी देईन अशी ही बहुधा एकच जागा.

आत काय असतं

विक्रीच्या एका व्हाउचरचा संदेश साधारण असा दिसतो. खऱ्या संदेशात टॅगची नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत असतात, आकडेही इंग्रजीच. इथे वाचायला सोपं जावं म्हणून लिपी बदलली आहे आणि काही घटक गाळले आहेत. तसं पाहिलं तर एक्सएमएलला देवनागरी टॅगचं वावडं नाही, पण टॅलीला हे टॅग कळणार नाहीत.

<एन्व्हलप>
  <हेडर>
    <टॅलीरिक्वेस्ट>इम्पोर्ट डेटा</टॅलीरिक्वेस्ट>
  </हेडर>
  <बॉडी>
    <व्हाउचर प्रकार="सेल्स" कृती="क्रिएट">
      <डेट>२०२५०४०१</डेट>
      <नोंद>
        <लेजरनेम>पाटील &amp; सन्स</लेजरनेम>
        <अमाउंट>-१०००.००</अमाउंट>
      </नोंद>
      <नोंद>
        <लेजरनेम>विक्री</लेजरनेम>
        <अमाउंट>८४७.४६</अमाउंट>
      </नोंद>
      <नोंद>
        <लेजरनेम>सीजीएसटी</लेजरनेम>
        <अमाउंट>७६.२७</अमाउंट>
      </नोंद>
      <नोंद>
        <लेजरनेम>एसजीएसटी</लेजरनेम>
        <अमाउंट>७६.२७</अमाउंट>
      </नोंद>
    </व्हाउचर>
  </बॉडी>
</एन्व्हलप>

हेडरमध्ये काय हवंय ते, बॉडीमध्ये माल. नावेची रक्कम उणे आणि जमेची अधिक, ही टॅलीची रीत. पहिल्यांदा पाहणारा चक्रावतो, पण सगळ्या नोंदींची बेरीज शून्य आली पाहिजे ही कसोटी त्यामुळे सोपी होते. पाठवण्याआधी ती बेरीज तुमच्याच कोडमध्ये करा. शून्य येत नसेल तर संदेश बाहेर जाऊच देऊ नका. वरच्या बिलात करासह हजार रुपयांची विक्री आहे आणि जीएसटी १८ टक्के आहे. मूळ किंमत ८४७.४६ येते, तिच्यावर नऊ-नऊ टक्के ७६.२७ आणि बेरीज नेमकी हजार. प्रत्येक बिलात असं जुळत नाही. एखाद्या पैशाचा फरक राहिला तर तो ‘राउंड ऑफ’च्या खात्यावर स्वतंत्र नोंद म्हणून टाकायचा, कराच्या रकमेत गुपचूप मिसळायचा नाही.

रकमांसाठी दशांश प्रकार वापरा, फ्लोट नको. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, शेवटी सतराव्या स्थानावर ४ चं शेपूट लागतं. ते शेपूट मजकुरात उतरलं तर संदेशातली रक्कमच विचित्र दिसते आणि शून्याची कसोटीही हुकते. छापील बिलासाठी केलेला ‘१,१८,०००.००’ असा स्वल्पविरामवाला आकडाही संदेशात जाता कामा नये. तारखेचंही तसंच : टॅलीला वर्ष, महिना, दिवस सलग आठ आकड्यांत हवे असतात, तर एक्सएमएल स्कीमाच्या प्रमाण तारखेत मध्ये आडव्या रेषा असतात. सोबत वेळ असेल तर ‘+०५:३०’ लिहायला विसरू नका, नाहीतर रात्री बाराच्या आसपासची बिलं आदल्या दिवशी जाऊन बसतात.

मराठी इंटरफेस देणाऱ्यांसाठी एक खास इशारा. वापरणाऱ्याने रक्कम ‘१२५०’ अशी देवनागरी आकड्यांत टाइप केली तर पायथनला ती खुशाल संख्या म्हणून चालते. इंट असो, डेसिमल असो, दोन्ही ती वाचतात. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला अंक ओळखणारा संकेत पायथन आणि डॉटनेट दोन्हीकडे देवनागरी आकड्यांनाही हो म्हणतो. म्हणजे तुमची तपासणी पार होते आणि तोच मजकूर उचलून संदेशात टाकला तर समोरची सेवा नाकारते, कारण स्कीमातल्या संख्येला फक्त ० ते ९ चे इंग्रजी आकडे चालतात. आधी संख्येत रूपांतर करा, मग त्या संख्येपासून मजकूर बनवा. टाइप केलेला मजकूर थेट पुढे ढकलू नका.

बाइट्सचा हिशोब

‘पुणे’ हा शब्द संगणकाच्या लेखी चार अक्षरांचा आहे : प, उकार, ण, मात्रा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला तीन बाइट लागतात, म्हणून हाच शब्द बारा बाइटचा होतो. एचटीटीपीच्या कंटेंट-लेंग्थमध्ये कुणी अक्षरं मोजून चार लिहिले तर समोरचा चार बाइट वाचून हात झटकतो आणि संदेशाचं शेपूट तुटतं. इंग्रजी नावांवर चाचणी केली असेल तर हा दोष महिनोन्‌महिने दिसत नाही, कारण तिथे अक्षर आणि बाइट सारखेच. लायब्ररीला बाइट्स द्या आणि लांबी तिलाच मोजू द्या.

पहिल्या ओळीतली घोषणा आणि प्रत्यक्ष एन्कोडिंग यांचा मेळ बसतो का, हेही पाहा. डॉटनेटमध्ये स्ट्रिंगरायटरवर एक्सएमएल लिहिलं तर घोषणेत यूटीएफ-१६ येतं, कारण तिथली स्ट्रिंग आतून तशीच असते. पुढे तीच स्ट्रिंग यूटीएफ-८ मध्ये करून पाठवली की कागद एक सांगतो आणि बाइट दुसरंच. काही पार्सर सांभाळून घेतात, काही पहिल्याच ओळीला थांबतात. उपाय सोपा : स्ट्रिंगवर न लिहिता मेमरी स्ट्रीमवर लिहा आणि एन्कोडिंग स्वतः सांगा. पीएचपीवाल्यांना याचीच एक चुलत अडचण येते. एखाद्या समाविष्ट फाइलच्या शेवटी रिकामी ओळ राहते, ती घोषणेच्या आधी छापली जाते आणि पार्सर ओरडतो की घोषणा दस्तऐवजाच्या अगदी सुरुवातीलाच हवी. त्याच्या आधी एक रिकामी जागासुद्धा चालत नाही.

आणि मग ‘कऱ्हाड’. हे नाव पडद्यावर सारखंच दिसूनही दोन तऱ्हांनी साठवलेलं असू शकतं. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे म्हणजे जोडचिन्ह. कोणत्या कीबोर्डने टाइप केलं त्यावर ते अवलंबून. ‘कऱ्हाड शाखा’ नावाचं खातं एका पद्धतीने उघडलेलं आणि तुमच्या संदेशातलं नाव दुसऱ्या पद्धतीचं असेल तर उत्तर येतं की असं खातं नाही. माणूस दोन्ही नावं शेजारी ठेवून पाहतो आणि डोकं धरतो. युनिकोडचं नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण इथे कामी येत नाही. ते ‘र’ आणि नुक्ता यांचा ‘ऱ’ करून देतं, पण जोडचिन्हाला हात लावत नाही. बदल तुम्हालाच करावा लागतो : र, हलन्त, जोडचिन्ह ही तिकडी दिसली की तिच्या जागी ऱ आणि हलन्त. गोऱ्हे, बऱ्हाणपूर, कुऱ्हाडे अशी नावं असलेली चाचणीची यादी हाताशी ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे नावावर जुळवणीच करू नका. तुमच्या ग्राहकक्रमांकाची टॅलीतल्या खात्याशी एकदा जोडी लावून ठेवा आणि टॅलीतून आलेलं नाव जसंच्या तसं परत पाठवा.

उत्तर आलं, पण काय आलं?

एचटीटीपीचा २०० हा आकडा पाहून ‘बिल चढलं’ असं लिहिणारा कोड मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे. रजिस्टर्ड टपालाची पोचपावती आली म्हणजे आतला अर्ज मंजूर झाला असं नव्हे, तसंच हे. टॅली बहुतेक वेळा २०० च देतो. खरं काय झालं ते उत्तराच्या पोटात असतं : किती तयार झाले, किती बदलले, किती वगळले, किती चुका. चूक असेल तर ‘लाइनएरर’ नावाच्या घटकात अमुक खातं अस्तित्वात नाही, अशा अर्थाचं वाक्य असतं.

म्हणून उत्तर तीन पायऱ्यांनी वाचावं. आधी पार्सर त्याला एक्सएमएल म्हणून स्वीकारतो का? मधल्या प्रॉक्सीने एचटीएमएलचं चुकांचं पान पाठवलेलं असलं तर ते इथेच कळतं. मग मूळ घटक अपेक्षित आहे का? आणि मग ‘क्रिएटेड’ची संख्या तुम्ही पाठवलेल्या व्हाउचरएवढी आहे का? चुका शून्य आहेत एवढ्यावर समाधान मानू नका. ‘वगळले’ या आकड्यात एखादं बिल निमूटपणे जाऊन बसलेलं असतं. तीनशे बिलं एकत्र पाठवून दोनशे नव्याण्णव चढली तर कोणतं राहिलं ते शोधण्यात जी संध्याकाळ जाते, तिच्यापेक्षा एका संदेशात एक व्हाउचर पाठवणं स्वस्त पडतं. वेग थोडा कमी होतो. रोजची काही शे बिलं असलेल्या दुकानाला तो फरक जाणवतही नाही.

वाचताना ‘घटक नाही’ आणि ‘घटक आहे पण रिकामा आहे’ यांत फरक करा. पायथनमध्ये रिकाम्या घटकाचा मजकूर ‘नन’ येतो, रिकामी स्ट्रिंग नव्हे, आणि त्यावर पुढची क्रिया केली की प्रोग्राम कोसळतो. एक छोटं फंक्शन लिहून ठेवा, घटकाचं नाव घेऊन स्वच्छ मजकूर किंवा ठरलेली किंमत परत देणारं, आणि सगळीकडे तेच वापरा.

वर्षभराची डे-बुक एकदम मागवली तर उत्तराची फाइल अवाढव्य होते. ती अख्खी मेमरीत घेऊ नका. एक व्हाउचर वाचून संपलं की सोडून देणारी, प्रवाहाने वाचणारी पद्धत वापरा. नाहीतर महिन्या-महिन्याने मागवा.

सोप आणि नेमस्पेस

बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्याकडे टॅलीसारखं मोकळं एक्सएमएल नसून सहसा सोप असतं. एन्व्हलप, हेडर, बॉडी हीच मांडणी, पण नियम कडक आणि प्रत्येक घटकाला नेमस्पेस. नवशिक्यांचा सर्वाधिक वेळ खाणारी गोष्ट हीच. नेमस्पेस म्हणजे घटकाच्या नावाचा अर्धा भाग, आडनाव म्हणा हवं तर. घटकाच्या नावाआधी दिसणारं दोन-चार अक्षरांचं प्रिफिक्स हे फक्त त्या दस्तऐवजापुरतं टोपणनाव. एक सर्व्हर ‘सोप:बॉडी’ पाठवेल, दुसरा ‘एस:बॉडी’. दोन्हींमागचा नेमस्पेसचा पत्ता एक असेल तर घटक एकच. प्रिफिक्सवर विसंबलेला कोड सर्व्हरची आवृत्ती बदलली की मोडतो.

याची उलटी बाजू म्हणजे प्रिफिक्सच नसलेला नेमस्पेस. उत्तरात घटक डोळ्यांना साधा दिसतो, तुम्ही एक्सपाथमध्ये साधं नाव लिहिता आणि हाती काहीच लागत नाही. वर कुठेतरी, मूळ घटकावर, नेमस्पेस जाहीर केलेला असतो आणि तो खालच्या सगळ्यांना लागू होतो. एक्सपाथला तुमच्याकडून एक प्रिफिक्स द्या, त्याला तो पत्ता जोडा आणि त्या प्रिफिक्सने शोधा. जावामध्ये आणखी एक मेख आहे : डॉक्युमेंटबिल्डरफॅक्टरीत नेमस्पेसचं भान मुळात बंद असतं, ते स्वतः चालू करावं लागतं.

सोपच्या दोन आवृत्त्या चलनात आहेत, २००० सालची १.१ आणि २००३ सालची १.२. दोन्हींच्या एन्व्हलपचा नेमस्पेस वेगळा, कंटेंट-टाइप वेगळा. १.१ मध्ये तो टेक्स्ट/एक्सएमएल असतो आणि सोबत सोपॲक्शनचा हेडर लागतो. १.२ मध्ये ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल असतो. एकीचं पाकीट आणि दुसरीचा कंटेंट-टाइप असा संकर केला की बऱ्याचदा कसलाही खुलासा नसलेली चूक परत येते. चूक सोपच्या ‘फॉल्ट’ घटकात असते आणि सोबत सहसा एचटीटीपीचा ५०० असतो. अनेक लायब्ररी ५०० पाहताच अपवाद फेकून मोकळ्या होतात आणि आतला फॉल्ट वाचलाच जात नाही. त्या अपवादाच्या पोटातून उत्तराचा मजकूर काढा. कारण तिथेच लिहिलेलं असतं.

डब्ल्यूएसडीएल, म्हणजे सेवेचं वर्णन करणारी फाइल, मिळत असेल तर हाताने काही बांधू नका. पायथनचं झीप, जावाचं सीएक्सएफ, डॉटनेटची सर्व्हिस रेफरन्सची सोय, कुणीही त्यातून तयार क्लास काढून देतं. जावा ११ पासून जॅक्सबी आणि सोपची साधनं जेडीकेबरोबर येत नाहीत, ती वेगळी जोडावी लागतात, एवढं लक्षात ठेवा. क्लास तयार झाले तरी प्रत्यक्ष तारेवर काय गेलं ते एकदा सोपयूआयमध्ये पाहून घ्या. स्कीमात घटकांचा क्रमही ठरलेला असतो, आणि नाव आधी की पत्ता आधी यावरून संदेश परत येऊ शकतो.

बाहेरून आलेल्या एक्सएमएलवर विश्वास किती ठेवायचा

एक्सएमएलमध्ये दस्तऐवजाच्या डोक्यावर, डॉकटाइपमध्ये, स्वतःच्या एंटिटी ठरवण्याची सोय आहे, आणि हल्ल्यांचा जुना रस्ता तोच. एक एंटिटी दुसरीला दहा वेळा बोलावते, दुसरी तिसरीला दहा वेळा, असं नऊदा झालं की एका छोट्या शब्दाच्या १०० कोटी प्रती होतात आणि सर्व्हरची मेमरी संपते. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा : एंटिटी तुमच्याच सर्व्हरवरच्या फाइलकडे बोट दाखवते आणि पार्सर ती फाइल वाचून मजकुरात टाकतो. वेब सेवांच्या संदेशांना डॉकटाइपची गरजच नसते, सोपमध्ये तर तो निषिद्ध आहे. म्हणून पार्सरमध्ये डॉकटाइपवरच बंदी घाला. जावामध्ये त्याचं वैशिष्ट्य हाताने चालू करावं लागतं, पायथनमध्ये डीफ्यूज्डएक्सएमएल हे पॅकेज त्यासाठीच आहे. हे कोडमध्ये एकाच जागी, पार्सर तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये करा. प्रत्येकाने आपापला पार्सर उघडला तर कुणीतरी विसरणारच.

सही केलेला संदेश असेल तर पथ्य आणखी कडक. आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल हे हाताशी असलेलं उदाहरण : शेअर कोडने कुलूपबंद झिप, आत यूआयडीएआयची डिजिटल सही असलेलं एक्सएमएल. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये ती घेताना काही जण आधी फाइल पार्स करतात, वाचायला बरी म्हणून ओळी मोडून पुन्हा लिहितात आणि मग सही तपासतात. सही जुळत नाही, कारण घटकांमधल्या रिकाम्या जागासुद्धा सहीच्या हिशोबात धरल्या जातात. तपासणी मूळ बाइट्सवर करा आणि डेटाबेसमध्येही मूळ फाइलच ठेवा. सही पडताळताना सर्टिफिकेट फाइलमधून उचलून त्याच्यावरच विश्वास ठेवू नका, ते यूआयडीएआयचंच आहे याची खात्री वेगळी करा. आणि ज्या घटकावर सही आहे त्याच घटकातून नाव-पत्ता वाचा. त्याच फाइलमध्ये कुणी दुसरा, सही नसलेला तुकडा घुसवलेला असू शकतो.

पाठवलं की नाही?

राहिली टाइमआउटची गोष्ट. तुम्ही बिल पाठवलं आणि तीस सेकंदांत उत्तर आलं नाही. बिल चढलं की नाही? दोन्ही शक्य आहेत. आंधळेपणाने पुन्हा पाठवलं तर एकाच बिलाची दोन व्हाउचरं होऊ शकतात, आणि दोन विक्री म्हणजे दोनदा जीएसटी. म्हणून पाठवण्याआधीच तुमच्या टेबलमध्ये नोंद करा : बिल क्रमांक, पाठवलेला संदेश, वेळ, स्थिती ‘पाठवतोय’. उत्तर नीट वाचून झाल्यावरच ‘चढलं’. ‘पाठवतोय’वर अडकलेल्या बिलासाठी पुन्हा धाडण्याआधी टॅलीला विचारा, या क्रमांकाचं व्हाउचर आहे का. असेल तर फक्त स्थिती बदला.

ही नोंद ठेवताना संदेश आणि उत्तर दोन्ही बाइट्समध्ये, जसेच्या तसे साठवा. वाद झाला की तेच कामी येतात, आणि ‘कऱ्हाड’सारखा घोळ बाइट पाहिल्याशिवाय सुटत नाही. वैयक्तिक माहिती असलेल्या संदेशांचं मात्र वेगळं. आधार किंवा बँक खात्याचा क्रमांक लॉगमध्ये जाण्याआधी शेवटचे चार आकडे सोडून झाका, आणि ही झाकाझाक पार्स केलेल्या प्रतीवर घटकाच्या नावाने करा, मजकुरात बारा आकडे शोधून नव्हे. नाहीतर एखाद्या ई-वे बिलाचा बारा आकडी क्रमांक झाकला जातो आणि आधार क्रमांक मध्ये रिकाम्या जागा टाकून लिहिलेला असल्यामुळे उघडाच राहतो.